प्रोक आणि सिस शाखांतील फाइली रिकाम्या, अर्धवट किंवा दुबार वाचल्या जाणे : कारणे आणि उपाय

लिनक्सवर देखरेखीची स्क्रिप्ट किंवा एखादी छोटी सेवा लिहिणाऱ्याला /प्रोक आणि /सिस या, कर्नलची (लिनक्सच्या मुख्य प्रोग्रॅमची) माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या शाखांमधील फाइली वाचाव्याच लागतात, आणि तिथे काही ठरावीक तक्रारी पुन्हा पुन्हा उद्भवतात. फाइलीचा मजकूर छापणाऱ्या कॅट या आज्ञेने पाहिले तर मजकूर व्यवस्थित दिसतो, पण आपल्या प्रोग्रॅममधून वाचला तर फाइल रिकामी येते. लांबलचक यादी मध्येच तुटते. सात अंकी आकड्याचा पहिलाच अंक हाती लागतो. फाइल उघडी ठेवून ठरावीक वेळाने वाचू गेल्यास पहिल्या खेपेनंतर काहीच मिळत नाही. स्वतः लिहिलेल्या कर्नल मोड्यूलची (कर्नलला जोडायच्या कोडची) फाइल असेल, तर कॅट थांबायचे नावच घेत नाही किंवा शेवटची ओळ दोनदा छापली जाते. अशा तक्रारींवर सहसा ‘बफर वाढवून पाहा’, ‘थोडे थांबून पुन्हा वाचा’ असे सुटे तोडगे सुचवले जातात; ते कधीमधी योगायोगाने लागूही पडतात आणि म्हणूनच मूळ दोष तसाच राहून दुसऱ्या यंत्रावर पुन्हा डोके वर काढतो.

मूळ एवढेच आहे की या फाइलींचा मजकूर कुठेही साठवलेला नसतो. डिस्कवरील फाइलीच्या बाबतीत कर्नल आधीपासून असलेले बाइट उचलून देतो. आभासी फाइलीच्या बाबतीत रीड हा सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेली मागणी) आला की त्या फाइलीला जोडलेले कर्नलमधील फंक्शन चालते आणि त्या क्षणी मजकूर तयार करते. त्यामुळे अडचण आल्यावर पहिला प्रश्न ‘या फाइलीत काय आहे’ हा नसून ‘ही फाइल कोणते फंक्शन भरते आणि ते किती वेळा चालते’ हा असायला हवा. भरण्याच्या तीन-चार पद्धती आहेत आणि प्रत्येक पद्धतीची मोडण्याची तऱ्हा वेगळी आहे.

फाइल रिकामी येते : आकारावर विसंबणे

एलएस -एल ने /प्रोक/मेमइन्फो पाहिली तर आकार ० दिसतो, कारण मजकूर तयार होण्याआधी तो किती होईल हे कर्नललाही सांगता येत नाही. /सिस शाखेत याच्या उलट प्रकार आहे : तिथे बहुतेक फाइलींचा आकार ४०९६, म्हणजे नेमका एका मेमरी पानाएवढा दिसतो, जरी आत ‘१’ आणि ओळखंड एवढेच असले तरी. कर्नलची मेमरी दाखवणारी /प्रोक/केकोअर तर एक्स८६ च्या ६४-बिट यंत्रावर सुमारे १२८ टेराबाइटची असल्याचे सांगते, आणि ते पाहून डिस्क भरल्याची शंका घेणारेही भेटतात. तात्पर्य, येथील आकार हा वाचनाचा आधार होऊ शकत नाही. जो प्रोग्रॅम आधी स्टॅट करून आकार विचारतो, तेवढी मेमरी घेतो आणि तेवढेच बाइट वाचतो, त्याला /प्रोकमधून शून्य बाइट मिळणार हे ठरलेलेच आहे. फाइलींचा संग्रह बांधणाऱ्या टार या साधनाने /प्रोकची फाइल बांधली तर संग्रहात रिकामी फाइल जाते. /सिसची बांधली तर ‘फाइल आक्रसली, उरलेली जागा शून्यांनी भरत आहे’ अशा अर्थाची सूचना येते. उपाय असा की आधी कॅटने किंवा सीपीने मजकूर साध्या फाइलीत उतरवून घ्यावा आणि मग ती फाइल बांधावी.

याच लक्षणाचे दुसरे कारण अधिक चकवणारे आहे. कॉपी_फाइल_रेंज हा सिस्टिम कॉल दोन फाइलींमधील प्रत कर्नलच्या आतच करतो. कर्नल ५.३ ते ५.१८ या आवृत्त्यांत तो वेगवेगळ्या फाइल सिस्टिमांमध्येही चालू लागला, पण काही आभासी फाइल सिस्टिमांवर त्याने काहीही प्रत न करता यश कळवले. प्रोग्रॅमच्या भाषेच्या प्रमाण लायब्ररीने प्रत करण्यासाठी आतून हा कॉल वापरला असेल, तर आपल्या कोडमध्ये बोट ठेवण्याजोगे काहीच सापडत नाही. ५.१९ पासून ही वागणूक दुरुस्त झाली आहे. जुन्या कर्नलवर साधे रीड आणि राइट वापरणे हाच भरवशाचा मार्ग आहे.

मजकूर मध्येच तुटतो : एक रीड म्हणजे संपूर्ण फाइल नव्हे

ही तक्रार सर्वांत जास्त वेळा येते आणि तिच्यामागची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. कर्नलमधील बहुसंख्य मजकुरी फाइली सेक_फाइल या सोयीवर उभ्या आहेत. तिची पहिली रचना कर्नल विकासक अल व्हिरो यांनी ऑक्टोबर २००१ मध्ये केली. फाइल भरणाऱ्याने चार फंक्शने द्यायची असतात. स्टार्ट दिलेल्या क्रमांकाची नोंद शोधते, शो ती नोंद मजकुरात उतरवते, नेक्स्ट पुढच्या नोंदीकडे नेते आणि स्टॉप आवरते घेते. वापरणाऱ्या प्रोग्रॅमने रीड केले की सेक_फाइल स्वतःचा एका पानाचा, म्हणजे एक्स८६ वर ४०९६ बाइटांचा बफर (तात्पुरती साठवण) घेते आणि त्यात जितक्या संपूर्ण नोंदी मावतील तितक्या भरते. मावली नाही ती नोंद मागे घेतली जाते, आणि आहे तेवढा मजकूर देऊन रीड परत येते. आपण कितीही मोठा बफर पुढे केला तरी यात फरक पडत नाही. ‘बफर वाढवून पाहा’ हा सल्ला इथे व्यर्थ का ठरतो, ते यावरून ध्यानात येईल.

/प्रोक/सीपीयूइन्फो हे याचे बोलके उदाहरण आहे. आधुनिक एक्स८६ प्रोसेसरची एक नोंद, तिच्यातील फ्लॅग्जच्या लांब ओळीमुळे, साधारण दीड हजार बाइटांच्या आसपास जाते. एका पानात अशा दोन, फार तर तीन नोंदी मावतात. सोळा गाभ्यांच्या यंत्रावर एकदाच रीड करून थांबणारा प्रोग्रॅम यंत्राला दोनच प्रोसेसर आहेत असे निर्धास्तपणे सांगतो आणि कुठेही त्रुटी नोंदली जात नाही. खात्री करायची असेल तर ठरावीक आकाराच्या ब्लॉकने वाचणाऱ्या डीडी या साधनाला ही फाइल द्यावी, ब्लॉकचा आकार १ मेगाबाइट ठेवावा आणि आउटपुट /डेव्ह/नल मध्ये सोडावे. शेवटी ‘०+८ रेकॉर्ड्स’ अशा धर्तीची जी ओळ येते तिचा अर्थ असा, की पूर्ण भरलेला ब्लॉक एकही आला नाही आणि अर्धवट वाचने आठ झाली. याच डीडीला काउंट=१ असे सांगितले तर पहिलाच तुकडा मिळतो; ‘१ मेगाबाइट मागितले तरी ४ किलोबाइटही का येत नाही’ या प्रश्नाचे उत्तर तेच आहे. फुलब्लॉक हा इनपुट फ्लॅग लावल्यावर डीडी ब्लॉक भरेपर्यंत किंवा फाइल संपेपर्यंत वाचत राहते.

उपाय एका ओळीचा आहे : रीड शून्य परत करेपर्यंत वाचत राहावे, आणि मागितल्यापेक्षा कमी बाइट येणे हे फाइल संपल्याचे चिन्ह मानू नये. हा दोष चाचणीत बरेचदा सापडत नाही, त्याचेही कारण पानाच्या आकारात आहे. एआरएमच्या काही ६४-बिट कर्नलांत पान ६४ किलोबाइटचे असते. तिथे तीच यादी एका रीडमध्ये पुरी मावते आणि तोच प्रोग्रॅम एक्स८६ वर नेल्यावर तुटतो.

लांब यादी अनेक रीडमध्ये वाचली जात असल्याने आणखी एक गोष्ट ओघाने येते. दोन रीडच्या मध्ये स्टॉप चाललेले असते, म्हणजे यादी बदलू नये म्हणून लावलेले कुलूप सोडलेले असते, आणि तेवढ्यात मूळ यादी बदलू शकते. /प्रोक/<पीआयडी>/मॅप्स या, एका प्रक्रियेच्या मेमरीचे पत्ते दाखवणाऱ्या फाइलीबद्दल (पीआयडी म्हणजे प्रक्रियेचा क्रमांक) कर्नलचे दस्तऐवज हे स्पष्टच सांगतात : सुसंगत चित्राची हमी एकाच रीडपुरती आहे. अनेक रीड मिळून एवढेच आश्वासन आहे की पत्ते मागे जाणार नाहीत, आणि वाचन चालू असताना संपूर्ण वेळ अस्तित्वात असलेला भाग गाळला जाणार नाही. यादीत मधूनच एखादी ओळ ‘गायब’ होते अशी तक्रार असेल, तर ती आधी या निकषावर तपासावी. बहुतेक वेळा तो दोष नसतो.

आकड्याचा पहिलाच अंक मिळतो : /प्रोक/सिस

/प्रोक/सिस ही शाखा नावाने /सिसची जुळी वाटते, पण तिची भरण्याची पद्धत निराळी आहे आणि ती सेक_फाइलवर चालत नाही. पूर्णांक देणारा तिचा नेहमीचा हाताळणारा फंक्शन ऑफसेट (फाइलीत वाचन कुठवर आले ते सांगणारा आकडा) शून्य असेल तरच मजकूर देतो. ऑफसेट पुढे सरकलेला दिसला की फाइल संपली असे कळवून मोकळा होतो. परिणामी, /प्रोक/सिस/कर्नल/पीआयडी_मॅक्स मध्ये ४१९४३०४ ही संख्या असताना डीडीने एकेक बाइट वाचत गेल्यास फक्त ‘४’ छापले जाते. पहिल्या रीडमध्ये एक बाइट मिळाला, ऑफसेट १ झाला, आणि दुसऱ्या रीडला शून्य मिळाले. जे शेल आपल्या अंगभूत रीड आज्ञेसाठी एकेक बाइट ओढतात, त्यांच्या स्क्रिप्टमध्ये नेमके हेच घडते, आणि तीच स्क्रिप्ट दुसऱ्या शेलमध्ये बिनतक्रार चालत असल्याने संशय भलतीकडे जातो. इथे पहिलेच रीड पुरेशा मोठ्या बफरने करणे आवश्यक आहे. स्क्रिप्टमध्ये कॅटचे आउटपुट चलात घेतले की काम भागते.

/प्रोक/मेमइन्फो मात्र एकेक बाइट वाचली तरी अखंड मिळते. ती सिंगल_ओपन या प्रकाराने उघडते : तिथे एकच नोंद असते, शो एकदाच सगळा मजकूर लिहिते आणि उरलेला भाग बफरमध्ये थांबून पुढच्या रीडना पुरवला जातो. म्हणजे एकाच फाइलीतील एकूण आणि शिल्लक मेमरीचे आकडे एकाच खेपेत तयार झालेले असतात, पण मेमइन्फोमधील आकडा आणि व्हीएमस्टॅटमधील आकडा यांची वजाबाकी करून निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे, कारण त्या दोन फाइलींचे क्षण वेगळे असतात.

उघडी ठेवलेली फाइल शिळे देते किंवा काहीच देत नाही

सतत नमुने घेणाऱ्या सेवेने प्रत्येक वेळी फाइल उघडणे आणि बंद करणे टाळावे हे रास्त आहे. मात्र एकदा शेवटपर्यंत वाचल्यावर ऑफसेट शेवटी राहतो आणि पुढचे रीड शून्य देते. ऑफसेट शून्यावर आणून वाचले की मजकूर नव्याने तयार होतो. त्याहून सुटसुटीत म्हणजे शून्य ऑफसेट देऊन पीरीड (कुठून वाचायचे ते सोबतच सांगणारा कॉल) करणे. इथे एक सावधगिरी हवी. भाषेच्या लायब्ररीचा स्वतःचा बफर मध्ये असेल, तर ‘मागे जा’ ही सूचना त्या बफरमध्येच निकाली निघू शकते, कर्नलपर्यंत रीड पोहोचतच नाही आणि जुनाच आकडा परत मिळतो. अशा वेळी बफर नसलेला मार्ग वापरावा.

आयनोटिफाय ही फाइलींतील बदल कळवणारी सोय लावून या फाइलींतील बदल टिपण्याचा खटाटोप करू नये. आयनोटिफायला फाइलीवर झालेली लेखनासारखी कृती दिसते; इथे कर्नलमधील एखादा चल बदलतो आणि फाइलीला त्याचा पत्ताही नसतो. ज्या मोजक्या फाइलींत सूचनेची सोय मुद्दाम केली आहे, उदाहरणार्थ /प्रोक/माउंट्स किंवा ज्यांच्यासाठी ड्रायव्हर सिसएफएस_नोटिफाय बोलावतो अशा /सिसमधील फाइली, त्या पोल या कॉलने तातडीचा इव्हेंट मागून पाहता येतात. बाकीच्यांसाठी ठरावीक वेळाने वाचत राहण्यावाचून गत्यंतर नाही.

फाइल आपल्या मोड्यूलची असेल तर

कॅट थांबत नसेल तर कारण जवळजवळ नेहमी एकच असते : हाताने लिहिलेले रीड फंक्शन प्रत्येक वेळी मजकुराची लांबी परत करते आणि ऑफसेटकडे पाहतच नाही. कॅटला शून्य कधी मिळतच नाही. छोट्या, ठरलेल्या मजकुरासाठी सिंपल_रीड_फ्रॉम_बफर वापरावे. ते ऑफसेट सांभाळते आणि वापरकर्त्याच्या मेमरीत प्रतही करते. ज्या जुन्या मार्गदर्शकात क्रिएट_प्रोक_एंट्री दिसेल तो बाजूला ठेवावा, कारण ते फंक्शन कर्नल ३.१० मध्येच काढून टाकले आहे. कर्नल ५.६ पासून प्रोक_क्रिएटला फाइल_ऑपरेशन्सऐवजी प्रोक_ऑप्स ही रचना द्यावी लागते. जुने कोड नव्या कर्नलवर कंपाइल न होण्याचे ते नेहमीचे कारण आहे.

सेक_फाइल वापरूनही चुकण्याच्या जागा उरतात, आणि त्यांतली नेक्स्टची चूक विशेष फसवी आहे. नेक्स्टने यादी संपली तरी, म्हणजे नल (रिकामा पॉइंटर) परत करतानाही, पोझिशनचा आकडा (नोंदीचा क्रमांक) वाढवलाच पाहिजे. न वाढवल्यास कॅटमध्ये काहीच बिघडलेले दिसत नाही. पण कोणी एलसीक (ऑफसेट हलवणारा कॉल) करून शेवटच्या ओळीच्या मध्यावर गेले, तर त्या ओळीचा उरलेला भाग दिल्यावर सेक_फाइल स्टार्टला जुनाच आकडा देते, स्टार्ट तीच शेवटची नोंद पुन्हा शोधून आणते, आणि ती ओळ आणखी एकदा अखंड छापली जाते. २०१८ मध्ये, आवृत्ती ४.१९ च्या सुमारास, सेक_फाइलचे कोड सोपे केल्यावर हा नियम कडक झाला. २०२० मध्ये खुद्द कर्नलमधील अनेक नेक्स्ट फंक्शने या कारणाने दुरुस्त करावी लागली, त्यांत /प्रोक/स्वॅप्सचेही होते. इतके दिवस ते कोणाच्या नजरेस आले नाही याचे नवल वाटायला नको. /प्रोकच्या फाइलीत अधूनमधून उडी मारून वाचणारे असतात तरी किती?

शोमध्ये कोणताही दुष्परिणाम ठेवू नये. मोजणीचा आकडा छापून लगेच शून्य करणारे शो अनेक ड्रायव्हरांत आढळते, आणि मग ‘कधीकधी मोजणी हरवते’ अशी तक्रार येते. नोंद बफरमध्ये मावली नाही तर सेक_फाइल ती टाकून देते, स्टॉप बोलावते आणि त्याच नोंदीसाठी शो पुन्हा चालवते; पहिलीच नोंद पानापेक्षा मोठी असेल तर बफर दुप्पट करून, आणि तरीही न मावल्यास पुन्हा दुप्पट करून. फेकलेल्या खेपेत शून्य केलेली मोजणी मग कोणालाच मिळत नाही. हीच दुप्पट करण्याची पद्धत सिंगल_ओपनच्या मोठ्या फाइलींना महाग पडते, कारण दर खेपेस सारे काम पहिल्यापासून होते. म्हणूनच /प्रोक/स्टॅट सिंगल_ओपन_साइझने उघडते आणि चालू प्रोसेसर व इंटरप्टांच्या संख्येवरून बफरचा आकार आधीच ठरवते. आपल्या मोड्यूलचा मजकूर काही पानांचा होणार हे माहीत असेल तर तसेच करावे. सिंगल_ओपनसोबत सिंगल_रिलीझच द्यावे. तिथे सेक_रिलीझ दिले तर प्रत्येक उघडझापीला थोडी मेमरी गळते आणि ते कळायला महिने जातात.

कुलपांच्या बाबतीत नियम असा, की स्टार्टमध्ये घेतलेले कुलूप स्टॉपमध्येच सोडावे, स्टार्टने नल परत केले तरीही. कारण स्टॉप त्याही वेळी बोलावले जाते. ‘काही सापडले नाही’ या वाटेवर स्टार्टमध्येच कुलूप सोडले तर ते दोनदा सोडले जाते, आणि हा दोष यादी रिकामी असतानाच उगवतो. त्याचप्रमाणे मागच्या खेपेचा पॉइंटर जपून ठेवून पुढच्या स्टार्टमध्ये वापरू नये. मधल्या काळात ती नोंद मुक्त झालेली असू शकते. स्टार्टने दर वेळी पोझिशनच्या आकड्यावरून नोंद नव्याने शोधावी.

/सिससाठी लिहिताना वाव कमी आणि म्हणून धोकाही कमी आहे : एका फाइलीत एक मूल्य, आणि शोच्या हाती एकच पान. स्प्रिंटएफऐवजी ५.१० मध्ये आलेले सिसएफएस_एमिट वापरावे. ते पानाबाहेर लिहू देत नाही. यादी द्यायची असेल तर ती जागा /सिस नव्हे.

फाइल कोणाचीही असो, निदानाची सुरुवात प्रोग्रॅमचे सिस्टिम कॉल दाखवणाऱ्या एसट्रेसने करावी आणि केवळ ओपन, रीड आणि एलसीक हे कॉल पाहावेत. पहिल्या रीडला शून्य आले का, कमी बाइट येऊन प्रोग्रॅम थांबला का, की रीड झालेच नाही, एवढ्यावरून वरीलपैकी कोणता प्रकार आहे ते कळते. /प्रोक/<पीआयडी> खालील फाइल उघडल्यानंतर ती प्रक्रिया संपली, तर रीड ‘अशी प्रक्रिया नाही’ ही त्रुटी देऊ शकते. ती त्रुटी पचवून पुढे जाणे प्रोग्रॅमला जमले पाहिजे. आपल्या मोड्यूलची फाइल तपासताना, यादी स्थिर ठेवून, तीच फाइल डीडीने १ बाइट, ७ बाइट आणि ४०९६ बाइटांच्या ब्लॉकने वाचावी आणि तिन्ही आउटपुटांची कॅटच्या आउटपुटाशी तुलना करावी. नंतर स्किप देऊन शेवटच्या ओळीच्या मध्यापासून वाचावे आणि डीमेसेज (कर्नलच्या संदेशांची नोंद) पाहावा. नेक्स्टने पोझिशन वाढवली नसेल, तर अलीकडचे कर्नल तिथे त्या फंक्शनचे नाव घेऊन तशी नोंद करते.